याहूची यादी, डीमॉझ आणि आपण: जालावर शोधायचं काम माणसाचं की मशीनचं?

कपाटातला_उंदीर (धागाकर्ता)

जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन जालावर कुठे बघायला मिळतील ते शोधत होतो. पहिल्या पानावर आलं काय, तर फराळाची दुकानं, मग "दिवाळी अंक म्हणजे काय? चला तर मग जाणून घेऊया" छापाचे लेख, सगळे एकाच मशीनने एकाच दुपारी लिहिल्यासारखे, आणि त्याखाली हिंदी. शेवटी ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मित्राला व्हॉट्सॅप केलं, त्याने चहा संपायच्या आत लिंका पाठवल्या, सगळ्या कामाच्या.

तर मुद्दा असा की एकेकाळी जालावर शोधणं म्हणजे हेच होतं. कोणीतरी माणसाने साइट उघडून बघितलेली, एका ओळीत काय आहे ते लिहिलेलं, आणि योग्य त्या खणात ठेवलेली. वेब काढणाऱ्या टिम बर्नर्स-लीने १९९१ ला सर्न या संशोधन संस्थेतच विषयवार यादी सुरू केली होती, व्हर्च्युअल लायब्ररी नावाची, म्हणजे वेब आलं तेव्हापासून यादी आहे. मग १९९४ ला स्टॅनफर्डची दोन पोरं, जेरी यांग आणि डेव्हिड फायलो, त्यांची यादी आली, तिचं पहिलं नाव 'जेरी अँड डेव्हिड्स गाइड टू द वर्ल्ड वाइड वेब', पुढे तेच याहू. याहूने साइट बघायला पगारी माणसं ठेवली होती, आणि कुठला विषय कुठल्या खणाखाली जाईल हे ठरवणारी मुख्य बाई होती श्रीनिजा श्रीनिवासन, कंपनी चार-पाच जणांची होती तेव्हा आलेली, तिचा हुद्दा काय तर 'ऑन्टॉलॉजिकल याहू'. असं व्हिजिटिंग कार्ड मला पण पाहिजे.

नंतर आलं १९९८. त्या वर्षी जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी याहूसारखीच यादी पण फुकटच्या स्वयंसेवकांकडून करून घ्यायचं काढलं, आधी नाव नूहू, ब्राउझरवाल्या नेटस्केपने ती घेतल्यावर ओपन डिरेक्टरी, आपण सगळे म्हणायचो डीमॉझ. आणि त्याच वर्षी गुगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांचा तो प्रसिद्ध पेपर आला, ज्यात त्यांनी सरळ म्हटलंय की माणसांनी सांभाळलेल्या याद्या लोकप्रिय विषयांपुरत्या ठीक, पण त्या ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे बनतात, महाग पडतात, हळू सुधारतात आणि आडवळणाच्या विषयांपर्यंत पोचतच नाहीत. खरंच होतं ते. निकाल काय लागला तो आपल्याला माहितीच आहे.

पण मला जे म्हणायचंय ते हे की यंत्र जिंकलं ते माणसांच्या याद्या खाऊन जिंकलं. पेजरँक, म्हणजे गुगलचं पानांचा क्रम लावायचं गणित, काय मोजत होता? लिंका. आणि लिंका कोण देत होतं? एखादा प्राध्यापक, एखादा हौशी पक्षीवाला, ज्याच्या होमपेजवर 'माझ्या आवडत्या साइट्स' असं पान असायचं. वर २००० पासून २०११ पर्यंत गुगलची स्वतःची डिरेक्टरी होती ती डीमॉझचाच माल घेऊन, फक्त क्रम पेजरँकने लावलेला. आता ती पानं गेली, याद्या गेल्या, माणसं फेसबुक-व्हॉट्सॅपच्या आत जाऊन बसली, तर यंत्राने मोजायचं तरी काय? मशीनने लिहिलेल्या लेखाला मशीनने लिहिलेल्या लेखाने दिलेली लिंक?

तुमचं काय मत?

---

सहावा_मजला

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

---

कोडगा

लेख आवडला पण गळे काढण्यात अर्थ नाही. आकडे बघा. डीमॉझ बंद झालं २०१७ ला तेव्हा त्यात साधारण ३८ लाख साइट्स होत्या, आणि आजवर एकूण नव्वद हजाराच्या वर लोकांनी संपादक म्हणून हात लावला होता. आणि गुगलने २००८ मध्येच सांगितलं होतं की त्यांच्या यंत्रणेला एक लाख कोटी वेगवेगळे यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, दिसलेत. एकावर बारा शून्य. कितीही संपादक आणा, हे हाताने होणारं काम नाही.

दुसरं म्हणजे लोक विचारतात काय ते बघा. रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी १५ टक्के त्यांनी आधी कधीच पाहिलेले नसतात असं गुगलवाले वर्षानुवर्षं सांगताहेत. 'आर्ट्स > लिटरेचर > पोएट्री' असे खण ज्याला काय शोधायचंय ते आधीच माहितीय त्याच्यासाठी. माझ्या प्रिंटरवर लाल दिवा तीन वेळा लुकलुकतोय, हे कुठल्या खणात शोधू सांगा.

---

वेताळपेठ

कोडगा +१

ज्यांना डिरेक्टरीची आठवण येते त्यांना खरंतर स्वतःच्या विशीची आठवण येत असते. (हलके घ्या)

---

बिनपगारी_संपादक

इथे मला बोलावंच लागेल, कारण मी डीमॉझवर संपादक होतो, नावातच आहे. लहानसा विभाग होता, फार काही नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं तिथे नुसत्या लिंका चिकटवायच्या. अर्ज करतानाच त्या विभागात बसतील अशा साइट्स नमुन्यादाखल द्याव्या लागायच्या, वर्णनासकट, आणि वर्णन कसं लिहायचं याचे नियम एखाद्या सासूबाईंनी घालून दिल्यासारखे. 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य' असले शब्द आले की कट. साइटवर काय आहे तेवढंच सांगायचं. मालकाने पाठवलेलं वर्णन हमखास नव्याने लिहावं लागायचं, कारण जगातलं प्रत्येक दुकान 'अग्रगण्य'च असतं. हे सगळं बघायला वर मेटा संपादक. आणि रोबोझिला नावाचा एक प्रोग्राम फिरायचा, मेलेल्या लिंका शोधून बाजूला काढायचा, म्हणजे बघा हं, तिथेही यंत्र होतंच, फक्त झाडू मारायला होतं, निवडायला नव्हतं.

मेलं कशामुळे हे विचाराल तर माझ्या मते गुगलमुळे नाही. किंवा अर्धंच. लोकांना कळलं की डीमॉझमध्ये नाव आलं की गुगलमध्ये वर चढता येतं, त्या दिवशी यादीचा धंदा झाला. न बघितलेल्या साइट्सची रांग इतकी वाढली की ती उपसणं अशक्य. काही संपादक पैसे घेतात अशी बोंब झाली, काही जण हाकललेही गेले. स्वतःचा धंदा असलेला माणूस संपादक व्हायचा आणि स्पर्धकाची साइट रांगेत कुजवत ठेवायचा. त्यात २००६ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हरच बसला, डिसेंबरपर्यंत कोणाला संपादन करता येईना, आणि त्यात जी माणसं गेली त्यातली बरीच परत आली नाहीत. फुकट काम करणाऱ्याची सवय एकदा मोडली की मोडली. मालक एओएल (नेटस्केप त्यांनीच घेतली होती), त्यांना यात काही रस उरला नव्हता. मार्च २०१७ ला दिवा मालवला. जुन्या लोकांनी माल उचलून कर्ली नावाने पुढे चालवलंय, आजही आहे.

---

कपाटातला_उंदीर

संपादकसाहेब, हेच ऐकायचं होतं. 'झाडू मारायला यंत्र, निवडायला माणूस' हे भारी आहे.

कोडगा, प्रिंटरचा मुद्दा मान्य. पण तुझ्या प्रिंटरच्या लाल दिव्याचं उत्तर शेवटी कुठे सापडतं? कुठल्यातरी फोरमवर कोणीतरी माणसाने लिहिलेलं असतं तिथे.

---

शेवगा

सगळी चर्चा अमेरिकेची चाललीय. मराठीत या गोष्टीला वेगळाच इतिहास आहे आणि नव्या लोकांना तो ठाऊक नसतो म्हणून जरा लांबण लावते.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, येऊन रुळेपर्यंत मराठी साइट सर्च इंजिनला वाचताच येत नव्हती. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचे योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट, शिवाय प्रत्येकाचे आपापले. डोळ्यांना दिसायचं मराठी, पण आत फाइलीत असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, तो फॉन्ट नसेल तर पानभर नुसता उंदरांनी कुरतडल्यासारखा मजकूर (उंदीरराव, तुम्हाला नाही म्हणत). आता असं पान यंत्राने कितीही वाचलं तरी 'पाऊस' हा शब्द त्याला सापडणार कसा? आल्टाविस्टा असो नाहीतर गुगल, मराठीपुरते सगळे आंधळे. तेव्हा मराठी साइट सापडायची ती फक्त माणसामार्फत. कोणाच्या तरी जिओसिटीजच्या (फुकट होमपेज देणारी साइट) पानावर 'मराठी संकेतस्थळे' अशी यादी, मायबोली या मराठी गप्पांच्या साइटवर कोणीतरी विचारायचं आणि कोणीतरी सांगायचं, ईमेलमधून पुढे जायचं. मायबोली १९९६ ची, गुगलच्या आधीची, हे लक्षात घ्या.

मग मराठी विकिपीडिया २००३ ला, ब्लॉगची लाट त्यानंतर, सगळं युनिकोडात. तेव्हासुद्धा नवीन ब्लॉग कळायचा तो 'मराठी ब्लॉग विश्व'वर, जिथे लोक आपापला ब्लॉग नोंदवायचे आणि ताज्या नोंदी एकाखाली एक दिसायच्या. ना क्रम, ना गणित. नवीन ते वर. मी रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर आधी ते पान उघडायचे आणि मग काम, किंवा मग कामाचं नाटक. असे किती लोक वाचायला मिळाले जे कुठल्याही गणितात वर आले नसते, कारण त्यांना कोणी लिंकच देत नव्हतं. एक कोकणातले मास्तर फक्त विहिरींवर लिहायचे.

---

सहावा_मजला

विहिरींवर!! लिंक आहे का ताई?

---

शेवगा

नाही ना. ब्लॉग उडाला. शोधलं तर बोअरवेलवाल्यांच्या जाहिराती येतात.

---

आजोळ

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), भारतातही अशी डिरेक्टरी होती की. खोज नावाची, इंडियावर्ल्डची, म्हणजे मुंबईचे राजेश जैन यांची. फक्त भारतीय साइट्सची यादी. समाचार, खेल, बावर्ची ही सगळी त्यांचीच भावंडं. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड घ्यायचं जाहीर केलं, ४९९ कोटींना. त्या काळातले ४९९ कोटी! लोकांनी तोंडात बोटं घातली होती. पुढच्याच वर्षी डॉटकॉमचा फुगा फुटला.

नंतर २००६ ला बंगळूरमधून गुरुजी नावाचं सर्च इंजिन आलं, ते मात्र यंत्राचं, भारतीय सर्च इंजिन म्हणून गाजलं. पण लोक तिथे जायचे ते फुकट गाणी शोधायला, आणि टी-सीरीजच्या तक्रारीवरून २०१० मध्ये पोलिसांचा छापा पडला, वर्षभरात खेळ खल्लास.

---

कोडगा

@शेवगा, विहिरीवाल्या मास्तरांबद्दल सहानुभूती आहे पण ही अडचण गणिताची नाही, ब्लॉग उडण्याची आहे. यादीतही ती लिंक मेलेलीच असती.

मराठीत यंत्र कुठे अडतं ते मी सांगतो. आपली नावं विभक्ती लागली की रूप बदलतात. 'विहीर' शोधली आणि पानात 'विहिरीला', 'विहिरींचं' असलं तर साध्या शब्द जुळवणाऱ्या यंत्राला ते वेगळेच शब्द. इंग्रजीत एक एस लावला-काढला की भागतं, इथे आधी मूळ शब्दच वाकतो. वर टाइप करणाऱ्यांची तऱ्हा, 'ॲ' कोणी एका अक्षरात लिहितो, कोणी अ वर चंद्र चढवून. दिसायला सारखं, आत वेगळं. ऱ्हस्वदीर्घ तर सोडूनच द्या. हे सगळं सांभाळायचं काम आता नवीन भाषा-मॉडेलवाली यंत्रं पूर्वीपेक्षा चांगलं करतात, अर्थावरून पान काढतात. तेव्हा मराठीला यंत्राची जास्त गरज आहे, कमी नाही.

---

दुपारची_डुलकी

निवृत्त ग्रंथपाल आहे, त्यामुळे राहवलं नाही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं झोडतो.

यादीवाल्यांना आधी. माणूस निवडतो म्हणजे न्यायाने निवडतो असं काही नाही. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देणारं ड्यूईचं दशांश वर्गीकरण घ्या, १८७६ चं. धर्माला २०० ते २९९ आकडे दिले. त्यातले २२० ते २८० हे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला, आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम, ज्यू, जगातले बाकी सगळे मिळून २९० मध्ये दाटीवाटीने. ज्याने कपाट बनवलं त्याने घरातल्या माणसांना पलंग दिले आणि बाकीच्यांना ओसरी. पुढे आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ ला कोलन वर्गीकरण आणलं ते याच अडचणीतून, की एका पुस्तकाला एकच जागा का? विषय, काळ, प्रदेश असे पैलू वेगवेगळे नोंदवा आणि जोडा. याहूवर काही खणांच्या नावापुढे @ चं चिन्ह असायचं आठवतंय का, म्हणजे हा खण मुळात दुसरीकडे आहे, इथून फक्त वाट काढलीय, ती त्याच अडचणीवरची मलमपट्टी.

आता यंत्रवाल्यांना. शंकर गणेश दाते हे नाव इथल्या किती जणांनी ऐकलंय? १८०० पासून १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची या माणसाने केली. पहिला भाग १९४३ चा, पुढे १९३८ ते ५० चा दुसरा. पुस्तक स्वतः बघून, विषयवार लावून, नोंद करून. ना संगणक ना झेरॉक्स. आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकावर काम करणारा कोणीही असो, तो दात्यांच्या सूचीपासून सुरुवात करतो. यात लोकप्रियता मोजलेली नाही. ज्या पुस्तकाला कोणी हिंग लावून विचारलं नाही तेही तिथे आहे, गाजलेल्या पुस्तकाच्याच मापाच्या ओळीत. यंत्राचा क्रम सांगतो की लोकांनी कशाला किंमत दिली. सूची सांगते की आहे काय. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकीचं काम दुसरी करणार नाही.

---

बिनपगारी_संपादक

काका, दंडवत. शेवटची वाक्यं फ्रेम करून लावणार.

---

वेताळपेठ

दात्यांबद्दल आदर आहेच, पण ते एकटे होते, प्रामाणिक होते आणि त्यांना त्या यादीतून काही विकायचं नव्हतं. जालावर यादीतून विकता येतं तिथे काय होतं ते वर संपादकांनीच सांगितलंय. याहूची गोष्ट पण सांगा की, धंद्याच्या साइटला नुसतं 'बघा हो आमचं' म्हणायचे वर्षाला २९९ डॉलर, आणि घेऊच याची हमी नाही, पैसे परत नाहीत. हे माणसांनी निवडलेलं जाल? २०१४ च्या डिसेंबरला बंद झालं ते बरंच झालं.

---

हडसनकाठचा

वेताळपेठ, पैसे कोण देतं हाच खरा प्रश्न आहे, माणूस की मशीन हा नाही. पेज आणि ब्रिनच्या त्या १९९८ च्या पेपरच्या परिशिष्टात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून लांब जाणार. स्वतःच लिहिलं, आणि मग काय केलं ते जगाने बघितलं. अमेरिकेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली, त्या खटल्यात बाहेर आलं की फोनमध्ये, ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं यासाठी २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले. म्हणजे जे सगळ्यात चांगलं म्हणून लोक वापरतात म्हणतो, ते वापरलं जावं म्हणून एवढे पैसे मोजावे लागतात.

मी सध्या कागी नावाचं सर्च इंजिन वापरतो, महिना १० डॉलर, जाहिराती नाहीत. त्यात एखादी साइट कायमची बंद करता येते किंवा वर चढवता येते, ती 'चला जाणून घेऊया' जमात मी तिथे एकेक करून गाडलीय. आणि त्यांची स्मॉल वेब म्हणून एक यादी आहे, खऱ्या माणसांच्या लहान ब्लॉगांची, हाताने निवडलेली. स्वीडनमधल्या एकाच माणसाने बनवलेलं मार्जिनालिया नावाचं सर्च इंजिन आहे, ते यंत्रच आहे पण मुद्दाम मजकूर जास्त आणि चकचकाट कमी असलेली पानं वर आणतं. म्हणजे यंत्रालाही चांगली आवड लावता येते. मराठी मात्र या दोन्हींत नावालाच, हे कबूल.

---

सहावा_मजला

सर्चसाठी महिना १० डॉलर!! आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचा डेटा, वर दूधवाल्याचं बिल निघतं भाऊ.

---

ओसरी

एक गोष्ट कोणी बोललं नाही. यंत्र यंत्र म्हणतो त्याच्या मागे आजही माणसं बसलेली आहेत. गुगलसाठी जगभरात सुमारे सोळा हजार लोक निकाल तपासायचं काम करतात, त्यांना दीडशेच्या वर पानांची नियमावली असते आणि ती कोणालाही वाचता येते. पान कोणी लिहिलंय, त्याला त्यातलं कळतं का, त्याने स्वतः अनुभव घेतलाय का असं सगळं तपासायचं, अनुभवाचा मुद्दा २०२२ च्या डिसेंबरात घातला. त्यांच्या शेऱ्याने एखादं पान थेट वरखाली होत नाही, पण गणितात केलेला बदल चांगला की वाईट हे त्या शेऱ्यांवरून ठरवतात.

माझी मावसबहीण असंच काम घरून करायची, एका कंत्राटी कंपनीमार्फत, नाव नको. एकेका कामाला ठरलेली मिनिटं, तेवढ्यात उरकलं नाही तर पैसे कापले. ती म्हणायची की पान नीट वाचायला लागले की तोटा होतो. तेव्हा डीमॉझचा संपादक फुकट काम करायचा पण त्याचं नाव यादीखाली असायचं, आणि हिला पैसे मिळायचे पण ती कुठेच दिसत नाही. माणसं दोन्हीकडे आहेत. एकीकडे दिसायची, एकीकडे लपवलेली.

---

कपाटातला_उंदीर

ओसरी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. वाचनखुणेत साठवला.

---

कोडगा

चला, मग एआयबद्दल पण बोलून घेऊ, सगळे टाळताय.

आता यादी पण नाही आणि लिंका पण नाहीत, सरळ उत्तर. मे २०२४ मध्ये गुगलने अमेरिकेत एआयचं उत्तर सगळ्यात वर दाखवायला सुरुवात केली आणि पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये डिंक घाला असा सल्ला दिला, तो आला होता रेडिट या गप्पांच्या फोरमवरच्या अकरा वर्षं जुन्या थट्टेच्या प्रतिसादातून. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत रेडिटशी करार झाला होता, वर्षाला ६ कोटी डॉलरचा असं बातम्यांत आलं, तिथला मजकूर वापरण्यासाठी. तेव्हा उंदीरराव, तुमचा मूळ मुद्दा खरा आहे, यंत्राला माणसाचं बोलणं लागतंच. पण त्यावरून 'परत याद्या करा' हे निघत नाही. निघतं ते एवढंच की माणसांनी लिहीत राहावं.

---

दुपारची_डुलकी

कोडगासाहेब, माणसांनी लिहीत राहावं हे ठीक, पण लिहिलेलं कुठे आहे हे कोणी सांगायचं? राज्य मराठी विकास संस्थेने जुनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, आतली पानं म्हणजे नुसते फोटो. यंत्राला आतलं अक्षर वाचता आलं नाही तर त्याच्या लेखी ते पुस्तक नाहीच. तिथे 'या फाइलीत अमुक पुस्तक आहे, अमुक साली छापलेलं' असं एका ओळीत लिहिणारा माणूसच लागतो. तुमच्या गणिताची वाट बघत बसलो तर माझ्या हयातीत काही होणार नाही.

---

आजोळ

काका बरोबर बोलताहेत. एसटी स्टँडवर पाटीवर सगळ्या गाड्यांच्या वेळा असतात, तरी माणूस चौकशीच्या खिडकीशी जातो, कारण गाडी आज सुटणार आहे का ते त्या खिडकीतल्यालाच माहीत असतं.

---

वेताळपेठ

खिडकीतला जेवायला गेलेला असतो.

---

बिनपगारी_संपादक

एक किस्सा सांगतो मग थांबतो. डीमॉझ काढणारा रिच स्क्रेंटा, त्यानेच पुढे ब्लेको नावाचं सर्च इंजिन काढलं, २०१० ला लोकांसाठी खुलं झालं. त्यात दोन्हींचा मेळ होता, शोधणार यंत्रच पण शब्दापुढे तिरकी रेघ देऊन विषय टाकला, समजा आरोग्य, की त्या विषयाच्या लोकांनी निवडलेल्या साइट्सपुरतंच शोधायचं. काही विषयांना ते गाळणं आपोआप लागायचं. कल्पना मला अजून पटते. २०१५ ला आयबीएमने घेतलं आणि बंद. त्याउलट जेसन कॅलाकॅनिसचं महालो, २००७ चं, माणसांनी हाताने बनवलेली निकालांची पानं, ते हळूहळू 'हे कसं करावं' छापाच्या पानांचा कारखाना झालं आणि २०११ मध्ये गुगलने पांडा नावाचा बदल केला त्यात झोपलं. हाताने केलं म्हणून चांगलंच होतं असं नाही, हे मीच सांगतोय, लिहून ठेवा.

तर प्रस्ताव असा. ब्लेकोची अर्धीच कल्पना उचलू. सगळं जाल नको, मराठीतले संदर्भ, तेवढंच. या धाग्यात प्रत्येकाने एक लिंक, एक ओळ वर्णन, 'अग्रगण्य' लिहिलंत तर खबरदार. मी लावून घेतो. मेलेल्या लिंका तपासायचा प्रोग्राम कोडगा लिहील.

---

कोडगा

मला न विचारता?

...लिहितो.

---

शेवगा

पहिल्या माझ्याकडून. शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थ, १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, शब्द टाकून शोधता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच.

---

ओसरी

मराठी विश्वकोश, सगळे खंड युनिकोडात, नोंदींना लेखकाचं नाव.

---

आजोळ

केतकरांचा ज्ञानकोश, १९२० च्या दशकातला, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने जालावर आणलेला. माहिती जुनी आहे हे वर्णनात लिहा, नाहीतर पोरं शाळेच्या प्रकल्पात तीच लोकसंख्या लिहून मोकळी होतील.

---

सहावा_मजला

जिल्ह्यांची गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. माझ्या गावच्या बाजाराचा वार सापडला त्यात.

---

बिनपगारी_संपादक

छान. तर खण सध्या चार केलेत: शब्दकोश, ज्ञानकोश, प्रदेश, स्कॅन पुस्तकं. केतकर ज्ञानकोशात, गॅझेटिअर प्रदेशात.

---

दुपारची_डुलकी

गॅझेटिअर इतिहासात जायला हवं. निम्मं पुस्तक इतिहास असतं.

---

वेताळपेठ

प्रदेशातच. आणि केतकरांचे पहिले पाच खंड प्रस्तावना आहेत, कोश सहाव्यापासून सुरू होतो, तेव्हा त्यांना वेगळा खण करा.

---

दुपारची_डुलकी

एका ग्रंथाचे दोन तुकडे? अहो काहीही काय.

---

वेताळपेठ

रंगनाथन तुम्हीच आणले होतेत ना काका? पैलू पैलू?

---

बिनपगारी_संपादक

झालं सुरू. गॅझेटिअर प्रदेशात ठेवतोय, इतिहासात @ लावून वाट काढतोय. केतकर अखंड राहतील. वेताळपेठ, तुम्ही अजून एकही लिंक दिलेली नाही.

---

वेताळपेठ

शोधतोय.